एका लग्नाचं एक टीबी : एडिटिंगच्या कॉम्प्युटरची साठवण कशी उभारावी

तुळशीची लग्नं लागून मुहूर्त सुरू झाले की पंधरा दिवसांत व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याच्या टेबलावर हार्ड डिस्कची चळत उभी राहते. एकीवर पट्टी चिकटवून ‘हळद’ लिहिलेलं, दुसरीवर दोन आडनावं, तिसरीवर नुसतीच तारीख. ज्येष्ठ येईपर्यंत कुठे काय आहे हे एकट्या एडिटरच्या डोक्यात असतं, आणि त्या डोक्यात तोवर पुढची चार लग्नं शिरलेली असतात.

मीही कित्येक हंगाम असेच काढले. मग एका पावसाळ्यात ४ टीबीची (टेराबाइट; एक टीबी म्हणजे हजार जीबी) एक डिस्क टिक-टिक आवाज करायला लागली आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला दिसेनाशी झाली. लग्नाचं आणि वरातीचं फुटेज दुसरीकडे होतं, हळदीचं नव्हतं. घाणा भरताना नवरीच्या आजीने जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, त्या एकाच डिस्कवर होत्या. डेटा काढून देणाऱ्यांनीही हात टेकले. त्या घरी जाऊन हे सांगणं मला फार जड गेलं. त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. जे कळलं ते इथे लिहितोय. उदाहरण लग्नाच्या कामाचं घेतलंय, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त एडिटर तेच करतात. माहितीपट किंवा यूट्यूबचं काम असेल तर आकडे बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

मुळातली गोष्ट अशी. डिस्ककडून आपण तीन कामं मागतो : झटपट वाचून दे, भरपूर मावू दे आणि काही हरवू नकोस. या तिन्ही कामांसाठी लागणाऱ्या वस्तू वेगळ्या आहेत. बहुतेकांचा पैसा वाया जातो तो एकाच डिस्ककडून तिन्ही कामं करून घेण्याच्या खटपटीत.

आधी वहीत हिशेब

दुकानात जाण्याआधी दोन आकडे काढा : तुमचा कॅमेरा सेकंदाला किती लिहितो, आणि वर्षाला किती साठतं.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती लिहिलं जातं तो आकडा, दिलेला असतो, तो मेगाबिटमध्ये. डिस्कचा वेग मात्र मेगाबाइटमध्ये सांगतात. आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून मेगाबिटच्या आकड्याला आठाने भागायचं. सोनीच्या सध्याच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ४के, २५ फ्रेम, १०-बिट ४:२:२ (रंगाचा जास्त तपशील ठेवणारी रीत) या सेटिंगला १४० मेगाबिटचा पर्याय असतो. १४० भागिले ८ म्हणजे सेकंदाला १७.५ एमबी, आणि तासाला ६३ जीबी. त्याच कॅमेऱ्यात ऑल-इंट्रा, म्हणजे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा पर्याय, निवडलं तर २५ फ्रेमला बिटरेट २५० मेगाबिट होतो, म्हणजे तासाला ११२ जीबी. अ‍ॅपलच्या प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगसाठीच्या फाइल-प्रकारात ४के, २५ फ्रेमला ७३७ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला ३३० जीबीच्या वर.

तीन कॅमेरे धरू. हळद, संगीत, लग्न आणि वरात मिळून प्रत्येक कॅमेरा प्रत्यक्षात पाच तास चालू राहिला. पंधरा तास गुणिले ६३ म्हणजे ९४५ जीबी. त्यात ड्रोन आला, वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज आला, रेंडर केलेल्या फाइल्स आल्या. एका लग्नाला एक टीबी हा माझा रोजचा आडाखा तिथून आला. हंगामात पंचवीस लग्नं केली तर २५ टीबी, आणि प्रत्येकाची एक जादा प्रत ठेवायची तर ५० टीबी. हा आकडा एकदा वहीत लिहिला की ‘२ टीबीची एक्सटर्नल पुरेल का’ हा प्रश्न आपोआप सुटतो.

हार्ड डिस्क का अडकते

वेगाचा भाग जरा सावकाश समजून घेऊ, कारण सगळी खरेदी त्यावर ठरते.

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावर अगदी निसटत्या अंतरावरून एक हात वाचत-लिहीत असतो. ७२०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १२०. हाताला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला साधारण आठ मिलिसेकंद लागतात, आणि हवा तो भाग फिरून हाताखाली यायला सरासरी चार. म्हणजे प्रत्येक उडीला बारा मिलिसेकंद गेले. एकच लांब फाइल ओळीने वाचायची असेल तर उड्या फारशा लागत नाहीत, आणि आजची मोठी डिस्क सेकंदाला २००-२५० एमबी आरामात देते. पण टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगच्या पट्टीवर, तीन कॅमेरे एकावर एक ठेवले की हात तीन ठिकाणी नाचायला लागतो. त्यातच सॉफ्टवेअर आवाजाच्या लहरी काढतंय, छोटी चित्रं बनवतंय, कॅशे म्हणजे तात्पुरत्या फाइल्स लिहितंय. कागदावर तीन कॅमेऱ्यांची गरज जेमतेम ५३ एमबी असते, डिस्क २०० देते, तरी प्लेहेड (टाइमलाइनवरची सरकती रेघ) ओढला की चित्र थबकतं. कमी पडतो तो उड्या मारण्याचा वेग.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. नवी डिस्क पहिल्यांदा वेगात चालते आणि भरत आली की मंदावते. जुन्या पद्धतीच्या मळणीत तिवड्याभोवती बैलांची पात फिरायची. तिवड्यालगतच्या बैलाला थोडंच चालावं लागायचं, कडेच्या बैलाला तेवढ्याच वेळात मोठा फेरा पडायचा. तबकडीचंही तसंच. एका फेरीत बाहेरच्या कडेला जास्त लांबी हाताखालून जाते, म्हणून तिथे जास्त डेटा वाचला जातो. डिस्क बाहेरून आत भरत जाते आणि अगदी आतल्या भागात वेग जवळपास निम्म्यावर येतो. म्हणून चालू कामाची हार्ड डिस्क ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर भरू देऊ नका.

एसएसडीत, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं. उडीचा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. साटा केबलची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत देते, मदरबोर्डवर आडवी बसणारी एनव्हीएमई तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईवर (मदरबोर्डवरची डेटाची वाट) ३५०० आणि चौथ्या पिढीच्या पीसीआयईवर ७००० एमबीपर्यंत. खरं सांगायचं तर तीन-चार कॅमेऱ्यांच्या लग्नासाठी साटा एसएसडीसुद्धा पुरते. ७००० चा आकडा बघून भाळायची गरज नाही.

एसएसडी घेताना टीएलसी आणि क्यूएलसी हा फरक मात्र विचारा. टीएलसीत एका पेशीत तीन बिट असतात, क्यूएलसीत चार कोंबलेले असतात, म्हणून ती स्वस्त पडते. तिच्यातल्या काही जागेचा ती वेगवान कॅशे म्हणून वापर करते, त्यामुळे पहिले काही जीबी भराभर लिहिले जातात. कॅशे संपला की काही क्यूएलसी डिस्कचा लिहिण्याचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली जातो. गेम खेळणाऱ्याला हे कधी जाणवत नाही. आपण एका बैठकीत ९०० जीबी ओततो, आपल्याला लगेच जाणवतं. चालू कामाला टीएलसीच घ्या. एसएसडी लिहून-लिहून झिजते ही भीती खरी आहे, पण आपल्या कामाला ती फार दूरची आहे. २ टीबीच्या चांगल्या टीएलसी डिस्कला १२०० टीबी लिखाणाची हमी सर्रास असते. वर्षाला कॅशे धरून १०० टीबी लिहिले तरी बारा वर्षं लागतील.

इथे एक इशारा देतो, कारण यात मी स्वतः पैसे घालवलेत. टाइमलाइन अडकते म्हणजे दोष डिस्कचाच असतो असं नाही. १०-बिट ४:२:२ फुटेज उलगडून दाखवणं प्रोसेसरला फार जड जातं. टास्क मॅनेजर उघडा आणि टाइमलाइन चालवा. डिस्क १०० टक्क्यांवर गेली तर डिस्क कमी पडतेय. डिस्क दहा टक्क्यांवर आणि प्रोसेसर १०० वर असेल, तर कितीही महागडी एसएसडी लावा, काही फरक पडणार नाही. तिथे प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कामचलाऊ प्रती, बनवा. १०८०च्या प्रोरेस प्रॉक्सीला २५ फ्रेमला ३८ मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला १७ जीबी. अख्ख्या लग्नाच्या प्रॉक्सी अडीचशे जीबीत बसतात आणि जुना कॉम्प्युटरही त्या लोण्यासारख्या चालवतो. मूळ फुटेज तोवर हार्ड डिस्कवर निवांत पडू दे, शेवटी रेंडर करताना तेवढं लागेल.

कॉम्प्युटरच्या पेटीत काय कुठे

माझी मांडणी अशी आहे. विंडोज आणि सॉफ्टवेअरसाठी एक एनव्हीएमई, ५०० जीबी किंवा १ टीबीची. तिच्यावर फुटेज कधीच नाही. दुसरी टीएलसी एनव्हीएमई २ टीबीची, झेपत असेल तर ४ ची : तिच्यावर हातात असलेली एक-दोन लग्नं, प्रॉक्सी आणि कॅशे. आणि १६ टीबीची हार्ड डिस्क, काम झालेलं सगळं ठेवायला. तिची जोडीदार तेवढीच दुसरी हार्ड डिस्क पेटीच्या बाहेर असते. तिच्याबद्दल पुढे.

एनव्हीएमईचा दुसरा खाचा वापरण्याआधी मदरबोर्डचं पुस्तक उघडून बघा. कित्येक बोर्डांवर दुसरा खाचा भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात, कारण दोघांची वाट एकच असते. ‘नवी एसएसडी लावली आणि जुनी हार्ड डिस्क गायब झाली’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. डिस्क काढून दुसऱ्या पोर्टला लावली की ती परत येते.

बाहेरून जोडायच्या डिस्कच्या बाबतीत डिस्कइतकीच केबलही तपासा. यूएसबी २ चा पोर्ट किंवा केबल असेल तर हातात सेकंदाला जेमतेम ३५ एमबी पडतात. ९४५ जीबीला साडेसात तास. तीच डिस्क ५ गिगाबिटच्या यूएसबी ३ ला लावली तर २०० एमबीच्या हिशेबाने एक तास वीस मिनिटं. अंगठ्याएवढ्या छोट्या अ‍ॅडॅप्टरमुळे रात्रभर कॉपी चालू राहिलेली मी पाहिली आहे.

रिझॉल्व हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्याचे प्रोजेक्ट सुट्या फाइल म्हणून फुटेजच्या शेजारी नसतात, एका डेटाबेसमध्ये असतात, आणि तो डेटाबेस मुळात विंडोजच्या डिस्कवर बसतो. विंडोज नव्याने टाकली की फुटेज जागेवर, आणि महिन्याभराचं एडिट गेलेलं. सेटिंगमध्ये बॅकअपची जागा दुसऱ्या डिस्कवर वळवा आणि प्रत्येक मोठ्या टप्प्यानंतर प्रोजेक्ट एक्सपोर्ट करा. प्रीमियर या दुसऱ्या सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल सुटी असते, ती रोज मेलवर किंवा ड्राइव्हवर टाकली तरी चालते. काही एमबीची फाइल असते, पण सगळी मेहनत तिच्यात असते.

मोठी डिस्क घेताना

डब्यावर १६ टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज १४.५ दाखवते. यात फसवणूक नाही. कंपनी एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते आणि नाव तेच छापते. ४ टीबीची ३.६३ दिसते, ८ ची ७.२७. साधारण नऊ टक्के जागा कमी धरूनच हिशेब करा.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा सीएमआर आणि एसएमआरचा, म्हणजे तबकडीवर डेटा मांडण्याच्या दोन रीतींचा. सीएमआर ही नेहमीची रीत, पट्टे शेजारी-शेजारी. एसएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे कौलारू छपरासारखे एकावर एक चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच तबकडीवर जास्त मावतं. पण छपराच्या मधलं एक कौल बदलायचं तर वरची कौलं आधी उचलावी लागतात. तसंच इथे जुन्या जागेवर नवं लिहायचं झालं की शेजारचे पट्टेही परत लिहावे लागतात. एकदाच भरून कपाटात ठेवायला हे चालतं. रोज लिहा-पुसायला, आणि अनेक डिस्क एकत्र जुंपण्याच्या, पुढे सांगितलेल्या रेडमध्ये तर अजिबात नाही. खिशात मावणाऱ्या २.५ इंची मोठ्या एक्सटर्नल डिस्क बहुतेक एसएमआरच असतात. २०२० मध्ये नासच्या (नेटवर्कवरून अनेकांना वापरता येणारी साठवणीची पेटी) नावाने विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचं उघड झालं आणि तेव्हापासून कंपन्या मॉडेलच्या यादीत हा तपशील देऊ लागल्या. दुकानदाराच्या शब्दावर न जाता मॉडेल नंबर त्या यादीत पाहा.

डिस्क बसवल्यावर तिच्यावरच्या जागेची नोंद कोणत्या पद्धतीने ठेवायची ते विंडोज विचारते, एमबीआर की जीपीटी. जीपीटी. एमबीआर ही जुनी पद्धत आहे, तिच्यात जागांचे क्रमांक ३२ बिटांत मावावे लागतात, त्यामुळे ५१२ बाइटच्या तुकड्यांच्या हिशेबाने ती २ टीबीच्या आसपास थांबते. १६ टीबीच्या डिस्कवर २ टीबीच दिसत असेल तर कारण हेच. फॉरमॅट विंडोजसाठी एनटीएफएस, आणि अ‍ॅलोकेशन युनिट (फाइलला जागा वाटून देण्याचा सगळ्यात छोटा तुकडा) ६४ के, कारण आपल्या फाइल्स मोठ्या असतात. एक्सफॅट हा दुसरा फॉरमॅट विंडोज आणि मॅक दोन्हीकडे चालतो खरा, पण त्याच्यात नोंदवही नसते. लिहिता-लिहिता वीज गेली की आधीच्या स्थितीला परत जाण्याची सोय त्याला नाही. ने-आण करायला ठीक, साठा ठेवायला नको.

रेड : जिथे सगळ्यांचा गैरसमज होतो

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. एक महागडी अवाढव्य डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपल्या तर वेगही मिळेल आणि एखादी पडली तरी काम थांबणार नाही, हा त्यातला विचार. रेड हे नाव तिथलं.

जुंपण्याच्या रीती अनेक आहेत. रेड ० मध्ये फाइलचे तुकडे दोन डिस्कवर आळीपाळीने पडतात. वेग दुप्पट, जागा दोन्हींची मिळून. पण एक गेली की दोन्हींवरचं सगळं गेलं, कारण प्रत्येक फाइल अर्धी-अर्धी होती. एसएसडी इतक्या स्वस्त झाल्यावर फुटेज रेड ० वर ठेवण्याचं कारण मला उरलेलं दिसत नाही. रेड १ मध्ये दोन्हीवर तेच लिहिलं जातं.

रेड ५ समजायला चार कप्पे डोळ्यांसमोर आणा. पहिल्यात ७ लिहिलंय, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ९, आणि चौथ्यात या तिघांची बेरीज, २०. दुसरा कप्पा जळाला. २० मधून ७ आणि ९ वजा केले की ४ परत हातात. एवढंच गुपित आहे. कॉम्प्युटर बेरजेऐवजी एक आणि शून्यांची सम-विषम नोंद ठेवतो आणि ती नोंद आळीपाळीने सगळ्या डिस्कवर पसरतो. ८ टीबीच्या चार डिस्क असतील तर एकीइतकी जागा नोंदीला जाऊन २४ टीबी मिळतात. रेड ६ मध्ये दोन वेगवेगळ्या नोंदी असतात, दोन डिस्क गेल्या तरी निभावतं, जागा १६ टीबी मिळते.

आता अडचण. एक डिस्क गेली, तुम्ही नवी लावली. तिच्यावर हरवलेलं परत लिहायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचाव्या लागतात. ८ टीबीला २०० एमबीच्या वेगाने अकरा तास, १६ टीबीला बावीस, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. त्या तिन्ही डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या, तेवढ्याच चाललेल्या. नेमक्या त्याच वेळी त्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो. म्हणून डिस्क मोठ्या झाल्या तशी जाणकारांनी रेड ५ ऐवजी रेड ६ ची शिफारस करायला सुरुवात केली.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड डिस्क बंद पडण्यापासून वाचवतो, बस्स. चुकून फोल्डर डिलीट केलं तर ते सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जातं. व्हायरसने फाइल्सना कुलूप घातलं तर सगळ्यांवर एकाच वेळी. वीज कडाडली, पेटी चोरीला गेली, पुराचं पाणी तळमजल्यात शिरलं, तर चारही डिस्क एकाच पेटीत होत्या.

माझं मत विचाराल तर एकट्याने काम करणाऱ्या एडिटरने रेड ५ च्या वाटेला जाऊ नये. त्याच पैशात दोन मोठ्या डिस्क घ्या आणि एकीची प्रत दुसरीवर करा. संध्याकाळी केलेली प्रत दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या चुकीपासूनही वाचवते, रेड १ ते करू शकत नाही. शिवाय अशी सुटी डिस्क कुठल्याही कॉम्प्युटरला लावली की वाचता येते. रेडची पेटी बंद पडली तर कित्येकदा त्याच कंपनीची तशीच पेटी शोधावी लागते. दोन-तीन एडिटर एकाच फुटेजवर बसणार असतील, तेव्हा नास आणि रेड ६ घ्यावा, आणि सोबत १० गिगाबिटचं नेटवर्क. साध्या गिगाबिट केबलमधून सेकंदाला ११० एमबीच जातात, दोघांत वाटले की दोघेही खोळंबतात.

रेड घेतलाच तर खरं काम टाकण्याआधी रंगीत तालीम करा. खोटं फुटेज भरा, एक डिस्क ओढून काढा, फुटेज वाचता येतंय का पाहा, नवी लावून पुन्हा उभारणी पूर्ण होऊ द्या. किती तास लागले ते लिहून ठेवा. भर हंगामात डिस्क जाईल तेव्हा निदान काय होणार हे माहीत असेल.

प्रती

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कची आकडेवारी २०१३ पासून नियमित प्रसिद्ध करते. त्यात वर्षाला साधारण एक ते दोन टक्के डिस्क बंद पडताना दिसतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तुमच्याकडे दहा डिस्क असतील आणि प्रमाण दीड टक्का धरलं, तर वर्षभरात त्यातली एक तरी जाण्याची शक्यता चौदा टक्के होते, म्हणजे सात एडिटरांत एकाला दर वर्षी हा अनुभव येणार. त्यांच्या डिस्क थंड, स्थिर खोलीत असतात. आपल्या बाइकच्या डिकीतून लग्नाच्या हॉलपर्यंत फिरतात.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम यावर अजूनही सगळ्यात व्यवहार्य उपाय आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या ठिकाणी. वेगळ्या ठिकाणाचं महत्त्व पुण्याला वेगळं सांगायला नको. जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुने चित्रपट जळाले. एकाच छताखाली असलेलं सगळं एकाच आगीत जातं, मग ती फिल्म असो की डिस्क.

माझ्याकडे हे असं चालतं. लग्नावरून आल्या-आल्या, जेवायच्या आधी, कार्डं दोन ठिकाणी उतरवायची : कामाच्या एसएसडीवर आणि मोठ्या हार्ड डिस्कवर. दोन्ही प्रती पडताळून होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. ही पडताळणी म्हणजे फाइलचा आकार बघणं नव्हे. चेकसम नावाची रीत असते. फाइलमधल्या प्रत्येक बाइटवरून एक छोटा ठसा काढला जातो. एक बिट जरी बदलला तरी ठसा वेगळाच येतो. मूळ आणि प्रत दोघांचा ठसा जुळला म्हणजे कॉपी खरी. टेराकॉपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पडताळणीची खूण केली की हे आपोआप होतं. वेळ वाढतो, तो द्यावा. कार्डवरून खेचून पेस्ट करणं आणि त्यातही ‘कट’ करणं, हे मी आमच्याकडे कोणालाच करू देत नाही.

तिसरी प्रत बाहेरच्या १६ टीबी डिस्कवर जाते आणि ती डिस्क माझ्या बहिणीच्या घरी असते. आठवड्यातून एकदा आणायची, भरायची, परत न्यायची. क्लाउडवर सगळं कच्चं फुटेज चढवणं एकट्या एडिटरला झेपणं कठीण : १०० मेगाबिटच्या लाइनवर एका टीबीला सलग बावीस तास लागतात, आणि अपलोडचा वेग पुष्कळदा तेवढाही नसतो. पण तयार झालेली फिल्म, प्रोजेक्ट फाइल आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज मिळून तीस-चाळीस जीबी होतात. तेवढं नक्की चढवा.

यूपीएसला पर्याय नाही. हार्ड डिस्क लिहीत असताना वीज गेली तर अर्धी लिहिलेली फाइल बिघडतेच, कधी फोल्डरची यादीच बिघडते. रेड ५ मध्ये तर डेटा लिहिला गेला आणि नोंद लिहायची राहिली असं होऊ शकतं आणि ते लगेच लक्षातही येत नाही. पाच-दहा मिनिटांचा यूपीएस पुरतो, शांतपणे बंद करण्यापुरता वेळ हवा असतो.

दमट हवेबद्दल कोकणातल्या मित्रांना मी काय सांगणार, पण एक सवय लावून घ्या. एसीच्या थंड खोलीतून किंवा गाडीतून काढलेली डिस्क बाहेरच्या दमट हवेत लगेच चालू करू नका. तिच्यावर दव धरतं. अर्धा-पाऊण तास तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या. कपाटातल्या डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला हार्ड डिस्क वापरा, एसएसडी नको. एसएसडीतला डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो वीज न मिळाल्यास हळूहळू झिरपतो. लिहून-लिहून झिजलेल्या साध्या एसएसडीने ३० अंशांत, वीज नसताना, एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच जेडेक या चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. मोठे स्टुडिओ यासाठी एलटीओ या प्रकारची चुंबकीय टेप वापरतात. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ च्या एका टेपमध्ये १८ टीबी मावतात, पण ती वाचणारं यंत्र लाखांच्या घरात जातं.

चातुर्मासातलं काम

आषाढात मुहूर्त थांबले की मी सगळ्या डिस्क डब्यातून बाहेर काढतो. प्रत्येक डिस्क लावायची, डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी बघायच्या : रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स (खराब निघाल्याने बदललेल्या जागा) आणि करंट पेंडिंग सेक्टर्स (वाचताना अडलेल्या, संशयित जागा). दोन्हीकडे शून्य असेल तर उत्तम. पेंडिंगचा आकडा वाढताना दिसला तर त्याच दिवशी त्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर. ती डिस्क अजून ‘चालतेय’ म्हणून थांबायचं नाही. मग जतन करून ठेवलेले ठसे पुन्हा काढून जुन्यांशी ताडून पाहायचे. एका डिस्कला जवळपास एक दिवस लागतो, कॉम्प्युटर रात्रभर चालू राहतो. पाच-सहा वर्षं झालेल्या डिस्क या काळात निवृत्त करायच्या.

प्रत्येक डिस्कला क्रमांक असतो, आडनाव नाही. वहीत आणि एका एक्सेलमध्ये क्रमांकापुढे काय-काय आहे ते लिहिलेलं. लग्नाच्या करारात मी आता एक ओळ घालतो की कच्चं फुटेज दोन वर्षं सांभाळलं जाईल, त्यानंतर हवं असेल तर घरच्यांनी आपली डिस्क आणून द्यावी. बहुतेक जण देतात. गेल्या श्रावणात तशाच एका डिस्कवर कॉपी चालू असताना नवरीचे वडील शेजारी बसून होते. त्यांना फिल्म नको होती, संगीताच्या रात्री त्यांचा थोरला भाऊ बाजूला कोणाशी तरी बोलत होता, ते कॅमेऱ्यात आलं असेल का एवढंच विचारायचं होतं. डिस्क क्रमांक ११, दुसरा कॅमेरा. चार मिनिटांत सापडलं.